डब्यांचा मानपान

मी सत्तेचाळीस वर्षांची होते तेव्हा मला सगळं येत होतं. आता चौसष्टावं चालू आहे आणि दरवर्षी एकदोन गोष्टी कमी येतात, त्यामुळे डोकं हलकं राहतं. पण तेव्हा येत होतं. पॉलिटेक्निकमध्ये वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात रुजू झाले होते. पहिल्याच दिवशी इरकली साडी नेसून, पर्समध्ये नवीकोरी व्हिजिटिंग कार्डं घेऊन मी एकेका खात्याला भेट देत निघाले. भेट देत, म्हणजे दर्शन देत.

शेवटी तपासणी खातं लागलं. तिथे पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. टेबलावर जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेला स्पीकर, त्याला दोन तारा, आणि स्पीकरमधून रातकिड्यांसारखी किरकिर. मी माझं नाव सांगितलं. पदवी सांगितली. दुसरी पदवीही सांगितली. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, म्हणजे थांबा. मी थांबले. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले,

"बाई, तुमी बोलायला लागलासा आणि माझं मोजायचं चुकलं. आता पुन्ना पहिल्यापासनं."

आणि परत डोळे मिटले.

हे आण्णा. खरं नाव सांगत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाशिवाय ते कारखान्यात कुणाला माहीतही नव्हतं. हातकणंगल्याच्या पुढच्या एका गावातलं जैन शेतकरी घराणं, शिक्षण डिप्लोमापर्यंत, अंगात कायम खादीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि गळ्यात नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांचं असतं तसं. ते समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि खट्कन बटण दाबायचे. उत्तर आलं की पुन्हा खट्. मग वहीत आकडा. मला त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, "आज वार कुठला?" मी आधी हसले, मग हे काय विचारणं झालं असं म्हणाले, मग गुरुवार म्हणाले.

"बारा सेकंद," आण्णा म्हणाले. "उत्तर बरोबर हाय. पर उशिरा आलं. आमच्या कामात उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूक धरत्यात."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की कारखान्यात एक वेडा आहे. नवरा म्हणाला, "एकच?"

आमचं काम काय होतं ते सांगते, फार खोलात जात नाही. बसमध्ये हल्ली लहान लहान संगणक असतात. आमच्या बसमध्ये पाच होते, प्रत्येक एकेका ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलेला, म्हणून आम्ही त्यांना डबेच म्हणायचो. एक इंजिनचा, एक दाराचा, एक दिवे आणि वायपरचा, एक एसीचा आणि एक ड्रायव्हरसमोरच्या काट्यांचा, म्हणजे डॅशबोर्डचा. तो माझा. हे पाचही डबे एकाच तारेच्या जोडीवरून एकमेकांना निरोप द्यायचे. एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर ज्याच्या निरोपाचा नंबर लहान तो बोलत राहणार. मोठ्या नंबरवाल्याने निमूट थांबायचं आणि तार मोकळी झाली की पुन्हा बोलून बघायचं. रुसायचं नाही, आवाज चढवायचा नाही.

"कोल्हापुरात ह्यो नियम तारंतच चालणार," आण्णा म्हणायचे. "माणसांत न्हाई."

स्पीकरमधली ती किरकिर म्हणजे या डब्यांचं बोलणं. आण्णा ते ऐकून सांगायचे की आज एसी लई बडबडतोय, किंवा दिवं गप हाईत, तार तुटलीय बघा. मी सत्तर हजारांचं यंत्र लावून अर्ध्या तासाने तेच सांगायचे. फरक इतकाच की माझ्याकडे त्याचा आलेख असायचा.

आण्णांचं स्वतःचं बोलणं रेशनवर मिळाल्यासारखं होतं. स्कूटरचा हॉर्न त्यांनी काढून टाकला होता. का, तर हॉर्न वाजवला की पुढचा माणूस थांबून मागं बघतो, म्हणजे आणखी उशीर. बायकोचा फोन आला की त्यांच्या बाजूने फक्त "व्हय" आणि "न्हाई" ऐकू यायचं, आणि फोन पाऊण तास चालायचा. ती माऊली मूळची निपाणीकडची. सगळे तिला अक्का म्हणायचे. एकदा ती कारखान्यात आली आणि तासभर अखंड बोलली, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. आण्णा गालाला हात लावून लहान मुलासारखे ऐकत बसले होते. ती गेल्यावर मी म्हटलं, "आण्णा, आज स्टॉपवॉच नाही लावलं?"

"घरात तिचा नंबर ल्हान हाय," आण्णा म्हणाले.

मी अजून वर्षातून एकदा त्यांच्या मळ्यात जाते. अक्का बोलते, आण्णा ऐकतात, आणि मी मधे तोंड उघडलं की आण्णा तोच हात वर करतात.

आता माझ्या पराक्रमाकडे वळते. निरोपांचे नंबर कुणीतरी ठरवायचे होते. हे काम मी कुणी न सांगताच अंगावर घेतलं. दोन पदव्या होत्या, त्यांचा उपयोग कुठेतरी व्हायला हवा होता. मी एक सुंदर यादी केली, रंगीत रेघा मारून. पहिला नंबर एसीला. कारण एसीचा डबा मालकांचे जावई करत होते. जावईबापू नुकतेच कारखान्यात आले होते आणि त्यांचा मान राहायला हवा होता. दुसरा नंबर डॅशबोर्डला, कारण तो माझा. तिसरा इंजिनला. चौथा दिव्यांना. पाचवा, सर्वांत शेवटचा, दाराला, कारण दाराचा डबा करणारी मुलगी दोन महिन्यांपूर्वी लागली होती. गगनबावड्याची होती, कामात चोख आणि बोलायला भित्री. एवढ्यात तिला पुढचा नंबर देऊन चढवून ठेवायचं कशाला, असं मला वाटलं.

यादी करताना मला एकदाही सुचलं नाही की नंबर निरोपाला द्यायचा असतो, माणसाला नाही. वीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत होते. परीक्षेत यावर प्रश्नही काढला होता, आठ मार्कांचा. पण घरच्या लग्नात ताटं मांडावीत तशी मी डब्यांची पंगत मांडली आणि मला ती अगदी रीतसर वाटली. जावई, मग मोठ्या बाई, मग बाकीचे. गंमत म्हणजे कारखान्यात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

आण्णांना दिसलं असतं. म्हणून मी एक युक्ती केली. आण्णा दिवस मावळायच्या आत जेवत. मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. रोज संध्याकाळी ते भाकरीचं फडकं घेऊन मागच्या अंगणातल्या बाकावर बसत आणि त्या वेळात खुद्द मालकही त्यांना हाक मारत नसत. एरवी मी त्यांच्याकडे दुपारी चारला जायचे. यादी घेऊन मात्र साडेपाचला गेले, थंडीचे दिवस बघून. ऊन भिंतीवर चढलेलं, आण्णांच्या हातात फडकं.

"आण्णा, एवढी 'तपासली' म्हणून सही. सगळं तुमच्या ओळखीचंच आहे."

आण्णांनी भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं, सही केली आणि गेले. माझ्या तेव्हाच्या हुशारीचा मला आजही अचंबा वाटतो. तीच हुशारी कामात वापरली असती तर बरं झालं असतं.

पुढे तीन महिन्यांनी बस तयार झाली. परगावच्या एका शहर बससेवेला दोन गाड्या पसंतीसाठी पाठवायच्या होत्या. गाड्यांवर चालक होते गडमुडशिंगीचे एक मामा, पस्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेले. एके दिवशी त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं,

"बाई, सांजच्याला गाडी दार उघडं असतानाबी वढतीया."

हे व्हायला नको होतं. दार उघडलं की दाराच्या डब्याने इंजिनच्या डब्याला तसा निरोप द्यायचा आणि इंजिनाने लगेच ओढ सोडायची, मग ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर कितीही दाबू दे. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणजे पायरीवर पाय ठेवलेला माणूस पडणार नाही. गाडीची मोठी जाहिरात याच गोष्टीवर होती.

मी मामांना म्हटलं, "मामा, तुमचा पाय जड पडतो. जरा हलका ठेवा."

मामा म्हणाले, "पाय पस्तीस वर्सं त्योच हाय." आणि आण्णांकडे गेले.

आण्णांनी एकच प्रश्न विचारला. सांजच्याला म्हणजे काय काय चालू असतंय? दिवे, एसी, आणि परवा भुरभुर होती म्हणून वायपर. आण्णांनी भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात, अंगणात गाडी उभी करवली. दिवे लावले, वायपर लावले, एसी लावला, रेडिओ लावला. कोरड्या काचेवर वायपर कुईकुई करत होते. सगळा कारखाना खिडक्यांतून बघत होता. मी वरच्या मजल्यावरून जावईबापूंना म्हटलं, "उन्हाचं असं होतं माणसाला."

मग आण्णांनी पावण्याला आणलं.

पावणं म्हणजे केळीचा खुंट. पायाएवढ्या जाडीचा, कमरेएवढ्या उंचीचा, खाली रबरी चप्पल खिळ्यांनी ठोकलेली. दर सोमवारी आण्णा मळ्यातून नवा खुंट स्कूटरवर पुढे उभा करून आणायचे. जुनं पावणं गुरांना जायचं. "पावणं चढत्यात, गाडी हालवू नका," असं ते इतक्या अदबीने म्हणायचे की बाहेरून आलेले लोक वळून बघायचे. मामांनी गाडी सोडायला ॲक्सिलरेटर दाबायचा, त्याच क्षणी दार उघडायचं, आणि दार उघडलं रे उघडलं की आण्णांनी पावण्याचा पाय पायरीवर टेकवायचा. घाईतल्या ड्रायव्हरच्या गाडीत धावत येणारं माणूस असंच चढतं.

पाच वेळा गाडी जागची हलली नाही. सहाव्या वेळी हलली. हातभर पुढे गेली आणि पावणं तोंडावर आपटलं. चप्पल पायरीखाली अडकली, खुंट मधोमध चिरला. पांढरा चीक अंगणात पसरला.

वरच्या मजल्यावरचं आमचं हसणं तिथेच संपलं.

संध्याकाळी मालकांच्या खोलीत बैठक झाली. आण्णांनी मोजून आणलं होतं. सगळं चालू असलं की तारेवर एसी आणि डॅशबोर्ड यांचीच बडबड. एसी सेकंदात शंभरदा गाडीतलं तापमान सांगतोय, डॅशबोर्ड शंभरदा सांगतोय की वेग शून्य, डिझेल अर्धं. दोघांचेही नंबर लहान. दाराचा निरोप तारेच्या तोंडाशी उभा. कधी लगेच जातोय, कधी सेकंदभर ताटकळतोय. तेवढ्यात गाडी निघते.

मालक म्हणाले, "बाई, उपाय?"

मला उपाय विचारला की मी नेहमी मोठाच द्यायचे. मी म्हटलं, तार वेगवान करू, पाचही डब्यांत नव्या चिप घालू, परदेशातून मागवू, तीन महिने लागतील. फळ्यावर आकृती काढली. बाण काढले.

आण्णांनी फळ्यावरचे माझे बाण मोजले. मग म्हणाले, "रस्ता रुंद करून काय हुतंय? बोलणारी तीच हाईत. एसीनं बदल झाला तरच बोलावं. बाईंच्या डब्यानं कमी बोलावं. आणि नंबर उलटं करा. दार पहिलं, एसी आणि बाई शेवटी."

बाई शेवटी. हे शब्द मला त्या रात्री झोपेतही ऐकू येत होते. इंजिनियर म्हणून मला तिथल्या तिथे कळलं होतं की ते बरोबर आहेत. पण मी तेव्हा इंजिनियर कमी आणि मोठ्या बाई जास्त होते.

"शुक्रवारी सकाळी अकराला गाड्या निघणार आहेत," मालक म्हणाले. "मी शब्द दिलाय. सहात एकदा होतंय, तेही सगळं चालू असताना. ते लोक पसंत करू देत, मग निवांत दुरुस्त करू. आण्णा, सही करा."

"न्हाई," आण्णा म्हणाले.

"सही नसेल तर सोमवारपासून येऊ नका."

"बरं," आण्णा म्हणाले, आणि भिंतीवरचं ऊन बघून जेवायला गेले.

मालकांनी गाड्या सोडायचा कागद माझ्याकडे सरकवला. नियमाप्रमाणे माझी सहीही चालत होती. आणि मी केली. दोन्ही पदव्यांसकट, सुवाच्य अक्षरात. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, आज जेवली का नाहीस. मी म्हटलं, उन्हाचं.

शुक्रवारी सकाळी नऊला आण्णांनी आम्हाला कँटीनमध्ये बोलावलं. मालकही आले, आण्णांचा निरोपसमारंभ समजून आले असावेत. चार खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर जावईबापूंना बसवलं, हातात चिठ्ठी, नंबर एक. मला दोन. मामांना चार, ते दिवे आणि वायपर झाले. गगनबावड्याच्या मुलीला पाच. तीन नंबर आण्णा स्वतः, म्हणजे इंजिन. ते समोर चहाची किटली घेऊन उभे राहिले. टेबलावर कप, कपाखाली बशी, बशीखाली एक कागद.

"मी चहा वततोय," आण्णा म्हणाले. "पोरीनं 'दार उघडलं' म्हटलं की थांबणार. नियम तारंचाच. ल्हान नंबर बोलाय लागला की मोठ्यानं गप. आता सुरू."

"तापमान चोवीस," जावईबापू म्हणाले. "तापमान चोवीस. तापमान चोवीस."

ते श्वास घ्यायला थांबले की मी सुरू. "वेग शून्य, डिझेल अर्धं. वेग शून्य, डिझेल अर्धं." वर्गात बोलायची वीस वर्षांची सवय. मला श्वास घ्यायला लागतच नव्हता.

"वायपर—" मामा म्हणाले आणि थांबले.

"दा—" मुलगी म्हणाली आणि थांबली. परत "दा—". तिचं तोंड उघडायचं, माझ्याकडे बघून मिटायचं. कप भरला. बशी भरली. मी बोलतच होते. मला वाटत होतं की मी छान करते आहे. चहा बशीवरून कागदावर उतरला, कागद तपकिरी झाला, आणि तेव्हा मला त्याच्यावरचं अक्षर ओळखू आलं. गाड्या सोडायच्या कागदावरची माझी सही होती. पहिली पदवी विरघळली, मग दुसरी. तरी तोंडातून "वेग शून्य" येतच होतं, कारण नियम तसा होता आणि नंबर माझा लहान होता.

मालकांनीच शेवटी हात आपटला. "काय पोरखेळ चालवलाय? दुसरा कागद आणा. बाई, करा सही. आणि आण्णा, ही नंबरांची यादी केली कुणी मुळात?"

मी मान खाली घातली. आण्णांनी किटली ठेवली.

"यादीवर 'तपासली' म्हणून सही माझी हाय," ते म्हणाले. "वाचली न्हवती. दिवस मावळत हुता, भाकरीची घाई हुती. ही चूक माझी. एकदा न वाचता सही केली, आता वाचून कशी करू? पायरीवर पाय कुणाचा आसंल ते आपल्याला ठाऊक न्हाई."

"मग सोमवारचं सांगितलंय तुम्हाला," मालक म्हणाले.

नवा कागद माझ्यासमोर आला. पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, सही केली की हे सगळं अकराला फाटकाबाहेर जाईल, आण्णाही आणि गाड्याही, आणि यादी कुणी केली हे पुन्हा कुणी विचारणार नाही. हा विचार मी केला. तो माझ्या मनात आला नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं.

तेवढ्यात बारीक आवाज आला. "आण्णा, आता बोलू का?"

ती मुलगी. खेळ संपला हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती अजून हातात पाच नंबरची चिठ्ठी धरून, आपली पाळी येईल म्हणून खुर्चीच्या कडेवर बसून होती.

"बोल की," आण्णा म्हणाले.

"दार उघडलंय," ती म्हणाली.

 मी टोपण लावलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका तो लहान होता.

"यादी मी केली. आणि आण्णांकडे साडेपाचला मुद्दाम नेली. वाचायला वेळ मिळू नये म्हणून."

मालक माझ्याकडे वळले. जावईबापूंनी आपली चिठ्ठी दुमडली. आण्णा मात्र फडक्याने टेबलावरचा चहा पुसत होते.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "रोज चारला येणारं माणूस त्या दिवशी साडेपाचला आलं, तवाच कळलं. तरी सही मीच केली न्हवं." मग मालकांकडे वळून म्हणाले, "पाच दिवस द्या. बाईंनी आपला डबा गप बसवला तर चार."

मालकांनी आधी आण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांपैकी कुणाचीच सही मिळणार नाही, हे त्यांना कळलं असावं. ते उठले आणि तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावायला गेले. सोमवारचा विषय पुन्हा निघाला नाही. आण्णा सोमवारी नेहमीसारखे आले, पुढे नवा खुंट घेऊन.

त्या दिवसांत मी माझ्या डब्याच्या प्रोग्रॅममधून जितकं खोडलं तितकं आयुष्यात कधी खोडलं नव्हतं. वेग बदलला तरच सांग, डिझेल मिनिटाला एकदा सांग, बाकी वेळ ऐक. लिहायला सोपं, करायला अवघड. आपण सांगितलं नाही तर लोकांना कळणारच नाही, असं माझ्या डब्यालाही वाटत असावं. जावईबापूंनीही बिनतक्रार एसीची बडबड काढली. त्या मुलीने दाराचा निरोप पहिल्या नंबरवर नेला आणि रात्री घरी फोन करून आईला तसं सांगितलं, हे मला नंतर कळलं. आण्णांचा स्पीकर जवळजवळ मुका झाला. डोळे मिटून ते खुशीत मान हलवायचे.

चौथ्या दिवशी गाडी अंगणात आली. दिवे, वायपर, एसी, रेडिओ, सगळं चालू. पावणं चाळीस वेळा चढलं आणि एकदाही पडलं नाही. मी पर्समधून पेन काढलं.

आण्णांनी खुंट बाजूला भिंतीला टेकवून ठेवला. "केळीचं पावणं सही करत न्हाई," ते म्हणाले. "सही करणाऱ्यानं चढायचं."

मी म्हटलं, "आण्णा, साडी आहे."

"बसमधी साडीवाल्या बायका चढत न्हाईत व्हय?"

मी चप्पल घट्ट केली आणि बंद दारासमोर उभी राहिले. मामांनी आरशातून माझ्याकडे बघून मान डोलावली. इंजिन गुरगुरायला लागलं. आपण आपल्याच हातांनी लिहिलेल्या दोनशे ओळींवर पाय ठेवायला निघालो आहोत, हे मला तेव्हा पोटात कळलं, कारण डोक्याला ते कधीच कळलं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता. सासूबाईंची आठवण झाली. त्या रोज एकट्या बसने महाद्वार रोडला जायच्या आणि मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं की तुम्हाला पायरी चढवते का.

मामांनी ॲक्सिलरेटर दाबला. दार फाडकन उघडलं. मी डोळे मिटले आणि पाय टाकला.

इंजिन एकदम खाली बसल्यासारखं झालं. पायाखालची पायरी जागच्या जागी होती. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, दांडीला घट्ट धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मोजत असतील तर आण्णा, असं वाटून मी मागे वळले.

आण्णा मोजत नव्हते. ते माझ्या मागे दोन पावलांवर उभे होते, गुडघे वाकवलेले, दोन्ही हात पसरलेले, घसरणारं पोतं झेलायला हमाल उभा राहतो तसे. मी पाहिलं हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी हात खाली घेतले आणि सदऱ्याला पुसले.

"उतरा की बाई," ते म्हणाले. "दार अडवून उभ्या ऱ्हायलायसा. मागं आणि माणसं हाईत."

खरंच होती. त्यांच्या मागे गगनबावड्याची मुलगी उभी होती, तिच्या मागे कँटीनवाली मावशी पदर खोचून, तिच्या मागे मालक, आणि रांगेच्या अगदी शेवटी, उन्हात, कपाळ पुसत जावईबापू. त्यांना कुणी पुढे या म्हणत नव्हतं.